पायऱ्यांचा दगड

महूच्या दक्षिणेला माळवा एकाएकी संपतो. काळ्या मातीचे सपाट रान विंध्याच्या कडेपर्यंत येते आणि तिथून जमीन निमाडाकडे, नर्मदेच्या खोऱ्यात उतरू लागते. चोरल नदी याच कडेवरून पाताळपाणीला सुमारे ३०० फूट खाली कोसळते. पावसाळ्यात तिथे धबधब्याशिवाय दुसरे काही नजरेत भरत नाही. पण पाणी ओसरले आणि गवत वाळले, की दरीच्या भिंती दिसू लागतात. काळ्या दगडाची उभी भिंत, तिच्या डोक्यावर अरुंद सपाट पट्टी, त्यामागे पुन्हा उभी भिंत, पुन्हा पट्टी. पाताळपाणीहून कालाकुंडकडे उतरणारी जुनी मीटरगेजची वाट याच टप्प्यांमधून वळणे घेत, बोगद्यांतून जाते. डिसेंबर २०१८ पासून या घाटात हेरिटेज गाडी सुरू झाली, तेव्हा तिच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशांना दरीपलीकडे हेच दृश्य दिसे : डोंगर उतरताना पायरी पायरीने उतरलेला.

भूशास्त्राच्या नकाशावर या दगडाचे नाव ‘डेक्कन ट्रॅप’ असे आहे. मराठी विश्वकोशाने त्याला ‘दक्षिण ट्रॅप’ म्हटले आहे. महूत उभे राहून हे नाव वाचले तर त्यातले दोन्ही शब्द खटकतात. महू दख्खनमध्ये नाही. ते विंध्याच्या माथ्यावर, नर्मदेच्या उत्तरेला आहे. आणि ट्रॅप म्हणजे सापळा, हे इंग्रजी शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. या दगडात कोण अडकले? लाव्हा जमिनीच्या भेगांत अडकून थिजला म्हणून ट्रॅप, असे उत्तर सहज सुचते. ते ऐकायला बरे वाटते, पण ते चुकीचे आहे.

अशी सहज सुचणारी उत्तरे शब्दांच्या अभ्यासात फार त्रास देतात, आणि त्याचा एक चांगला नमुना महूच्या नावातच आहे. इंग्रजांनी या गावाचे स्पेलिंग चार अक्षरांत केले : एम, एच, ओ, डब्ल्यू. त्यावरून ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या शब्दांची आद्याक्षरे म्हणजे महू, अशी कथा अनेक वर्षे सांगितली जाते. छावणीचे गाव, पायदळाचे प्रशिक्षण केंद्र, लष्करी महाविद्यालये. कथा चपखल बसते. पण छावणी पडण्याआधी तिथे गाव होते आणि गावाला नाव होते. आद्याक्षरे जोडून नावे तयार करण्याची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकात फोफावली. १८१८ साली वसलेल्या छावणीला ती लावता येत नाही. स्थानिक परंपरा गावाचे नाव महुआच्या झाडांशी जोडते. मराठीत हेच झाड मोह. संस्कृत ‘मधूक’ प्राकृतात ‘महुअ’ झाला, त्यातल्या ‘ध’चा ‘ह’ झाला, आणि पुढे हिंदीत महुआ, मराठीत मोह अशी रूपे उतरली. मूळ संस्कृत रूप मात्र वनस्पतिशास्त्राने उचलले : या झाडाच्या प्रजातीचे लॅटिन नाव ‘मधुका’, आणि ते १७९१ पासून शास्त्रात आहे.

शब्दाचा माग काढण्याची रीत यातून दिसते. अर्थ जुळतो म्हणून समाधान मानायचे नाही. शब्द सर्वांत आधी कुठे लिहिला गेला, कोणत्या वाटेने आला आणि वाटेत त्याचे ध्वनी कसे बदलले, हे पाहायचे. ‘ट्रॅप’च्या बाबतीत ही वाट माळव्यापासून निघून स्वीडनमध्ये पोहोचते.

स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्राप्पा’ म्हणतात. जर्मनमधला ‘ट्रेपं’ आणि डच भाषेतला ‘ट्रॅप’ हे त्याचेच भाऊबंद आणि त्यांचाही अर्थ जिनाच. स्वीडनच्या नैर्ऋत्येला वेस्टरयोटलांड नावाचा प्रांत आहे. तिथे सपाट शेतीतून एकेकटे, माथा सपाट असलेले डोंगर उभे आहेत. त्यांपैकी शिनेकुले हा समुद्रसपाटीपासून ३०६ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या मापाने ती टेकडीच, पण स्तरांचा क्रम इतका स्वच्छ की वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसनेही १७४६ च्या प्रवासात त्याची नोंद केली होती. खाली वालुकाश्म, वर तुरटीचा शेल, मग चुनखडक, पुन्हा शेल आणि सगळ्यांच्या डोक्यावर काळ्या, जड, कठीण दगडाची टोपी. डोंगराची कड पायऱ्यापायऱ्यांची. उप्साला विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ टोर्बर्न बर्गमन याने १७६६ च्या आपल्या भूवर्णनाच्या ग्रंथात असा काळा दगड ‘ट्राप’ या नावाने नोंदवला. तिथून तो शब्द जर्मन खाणशास्त्रात गेला आणि १७९० च्या दशकात इंग्रजी खनिजशास्त्राच्या पुस्तकांत स्थिरावला.

मग सापळ्याचा ट्रॅप कोणता? तो इंग्रजीतला जुना शब्द आहे, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही सापडतो. दोघांचे मूळ बहुधा एकच : पाय ठेवणे, तुडवणे या अर्थाचा जर्मानिक धातू. जनावर ज्यावर पाय ठेवते तो सापळा, माणूस ज्यावर पाय ठेवतो तो जिना. म्हणजे हे दोन ट्रॅप दूरचे चुलतभाऊ आहेत. पण दगडाला नाव जिन्याने दिले, सापळ्याने नाही. गोंधळ वाढतो तो तेलाच्या भूशास्त्रात. मुंबई हायसारख्या ठिकाणी खनिज तेल ज्या बंदिस्त रचनेत साठते तिलाही इंग्रजीत ट्रॅपच म्हणतात आणि तो ट्रॅप खरोखरच सापळ्याचा. पश्चिम किनाऱ्याच्या तेलशोधाच्या अहवालात हे दोन्ही ट्रॅप एकाच पानावर येऊ शकतात, आणि विद्यार्थ्याने गोंधळू नये यासाठी व्युत्पत्ती माहीत असणे उपयोगाचे ठरते.

आज शाळेच्या पुस्तकात या दगडाचे नाव ‘बेसॉल्ट’ असते. तो शब्द ट्रॅपपेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्याची कहाणी लेखनिकांच्या हाताने वळण घेतलेली आहे. ग्रीकमध्ये ‘बासानोस’ म्हणजे सोन्याचा कस लावायचा काळा दगड, आपली कसोटी. इंदूरच्या सराफ्यात जो शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे, त्याचा हा ग्रीक प्रतिशब्द. मूळ बहुधा इजिप्शियन. रोमन लेखक प्लिनीच्या ग्रंथाच्या नकला होत गेल्या तसे ‘बासानिटेस’चे कुठेतरी ‘बासाल्टेस’ झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १५४६ मध्ये जर्मन विद्वान आग्रिकोला याने सॅक्सनीतल्या श्टोल्पन किल्ल्याखालच्या काळ्या खांबासारख्या दगडाला हेच नाव लावले आणि ते चिकटले. प्लिनीने ज्या दगडाबद्दल लिहिले होते तो आणि श्टोल्पनचा दगड एकच, याला काही आधार नव्हता.

बेसॉल्ट कुठून येतो यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मोठी लढाई जुंपली होती. फ्रायबर्गच्या खाण विद्यालयात शिकवणारा आब्राहाम वेर्नर सांगे, की पृथ्वीवर एके काळी सर्वत्र महासागर होता आणि बेसॉल्ट व ट्रॅप हे त्या पाण्यातून खाली बसलेले थर आहेत. ते थर आडवे आणि एकावर एक रचलेले दिसतात, हाच त्याचा मोठा आधार. त्याचे शिष्य युरोपभर पसरले होते. एडिंबराच्या विद्यापीठात रॉबर्ट जेमसन पुढे त्याचीच शिकवण देऊ लागला, आणि ईस्ट इंडिया कंपनीचे बरेच डॉक्टर एडिंबरात शिकत. विरुद्ध बाजूने फ्रान्सच्या निकोला देमारेने १७६३ मध्ये ओव्हेर्न भागात बेसॉल्टचे खांब थेट जुन्या ज्वालामुखींच्या लाव्हात उतरलेले पाहिले. स्कॉटलंडच्या जेम्स हटनने पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेचा सिद्धान्त मांडला. त्याचा मित्र जेम्स हॉल याने ‘व्हिनस्टोन’ हा स्कॉटलंडचा स्थानिक ट्रॅप भट्टीत वितळवला, सावकाश थंड होऊ दिला आणि पुन्हा दगडासारखा स्फटिकमय पदार्थ मिळवून १७९८ मध्ये तो प्रयोग मांडला. वितळलेल्या रसापासून असा दगड होऊ शकतो, हे हातात धरून दाखवता आले.

या भांडणात ‘ट्रॅप’ शब्दाला कुणीच टाकून दिले नाही, ही गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. पाणीवाले तो वापरत, अग्नीवालेही वापरत. कारण त्या शब्दाने दगडाच्या जन्माबद्दल काहीच दावा केलेला नव्हता. डोंगर पायऱ्यांचा दिसतो, एवढेच तो सांगत होता. वेर्नरचे वर्गीकरण गेले, त्याच्या शाळेतली बहुतेक नावे गेली. डोळ्यांनी दिलेले हे नाव टिकले. शास्त्रातली नावे अचूक असावीत असे आपण म्हणतो, पण ज्ञान अर्धवट असताना कमी बोलणारे नाव जास्त उपयोगी पडते. ट्रॅप हे त्याचे ठळक उदाहरण.

वेर्नर १८१७ मध्ये वारला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि कंपनीचा सेनानी सर जॉन माल्कम याच्या देखरेखीत महूला छावणी वसली. माल्कमला नव्याने हाती आलेल्या प्रदेशाची खडान्‌खडा माहिती हवी होती : गावे, वसूल, जाती, रस्ते, पिके, हवा आणि जमिनीखालचा दगडसुद्धा. १८२३ मध्ये लंडनला त्याचा मध्य हिंदुस्थानावरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, तेव्हा त्याच्या परिशिष्टात माळव्याच्या भूरचनेचे वर्णन आणि नकाशा होता. ते काम मुंबई सैन्यातल्या कॅप्टन डेंजरफील्ड या अधिकाऱ्याचे. भारताच्या अगदी सुरुवातीच्या भूशास्त्रीय नकाशांत त्याची गणना होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली. त्याच्या तीन दशके आधी विंध्याच्या कडेवरचे आडवे थर ट्रॅप म्हणून कागदावर आले होते. नर्मदेच्या दक्षिणेकडच्या दख्खनचे नाव या दगडाला मिळायचे होते, तेव्हा माळव्याची ही नोंद छापून झालेली होती.

‘डेक्कन’ हे विशेषण आणले मुंबई सैन्यातल्याच विल्यम हेन्री साइक्सने. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि १८३१ पर्यंत तो पुणे, नगर, खानदेश, धारवाड या भागांत फिरत राहिला. यातली तीन वर्षे मुंबईचा गव्हर्नर होता तोच जॉन माल्कम. साइक्सची नजर चौफेर होती. पक्षी, मासे, शेती, लोकसंख्या, पाऊस, सगळ्यावर त्याने लिहिले. कोळसुंद्याला, म्हणजे आपल्या रानकुत्र्याला, त्याने दिलेल्या लॅटिन नावात ‘दुखुनेन्सिस’ असा शब्द आहे. तो दख्खनला ‘दुखुन’ लिहीत असे. लोकांच्या तोंडचा ‘दख्खन’ त्याच्या कानाने असा टिपला. १८३३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या एका भागावर निबंध वाचला. डेक्कन ट्रॅप या जोडशब्दाचे श्रेय त्याला दिले जाते.

दख्खन म्हणजे प्राकृत ‘दक्खिण’, संस्कृत ‘दक्षिण’. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात जिकडे ती दक्षिण दिशा. म्हणूनच दक्षिण या शब्दाचा जुना अर्थ उजवा, आणि लॅटिनमधला ‘डेक्स्टर’ हा त्याचा सख्खा नातलग. अशा रीतीने एका दगडाच्या नावात संस्कृतातून आलेली दिशा आणि स्वीडनमधून आलेला जिना शेजारी बसले. जोडणारी भाषा इंग्रजी. पुढे हाच दगड माळव्यात, सौराष्ट्रात, कच्छात, नागपूर-छिंदवाड्यात सापडला, तेव्हा नाव बदलायचे कुणाच्या मनात आले नाही. महूला दख्खनचे नाव मिळाले ते असे.

शब्द स्वीडनचा असला तरी तो शोभतो दख्खनलाच. शिनेकुलेच्या पायऱ्या वेगवेगळ्या खडकांच्या आहेत आणि माथ्यावरचा काळा दगडही लाव्हा वाहून झालेला नाही. तो जमिनीखालीच जुन्या थरांच्या मध्ये घुसून थंड झाला आणि वरचे झिजल्यावर उघडा पडला. विंध्य आणि सह्याद्रीतल्या पायऱ्या मात्र तळापासून माथ्यापर्यंत लाव्हाच्या आहेत. जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. काही काळाने पुन्हा आला. प्रत्येक खेपेचा थर वेगळा. थराचा मधला भाग सावकाश थंड होतो म्हणून भरीव आणि कठीण, त्यात उभ्या भेगा पडतात. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, लवकर कुजणारा. पाऊस या सच्छिद्र पट्ट्याला आधी खातो. मग त्यावरचा कठीण भाग आधार सुटल्याने उभ्या भेगांवर तुटून पडतो. उभा कडा आणि सपाट पट्टी, अशी जोडी तयार होते. डोंगरी किल्ले बांधणाऱ्यांना ही जोडी नेमकी कळलेली होती. कडा तासून दुर्गम करायचा, पट्टीवर माची वसवायची. मराठीत कडा, कातळ, माची, सडा, पठार असे शब्द जवळजवळ शेजारी शेजारी वापरले जातात, ते याच पायऱ्यांच्या वेगवेगळ्या भागांना. नदीकाठच्या पायऱ्या आणि डोंगर उतरायची वाट या दोन्हींना ‘घाट’ हा एकच शब्द मराठीने ठेवला. इंग्रजांनी तोच उचलून अख्ख्या सह्याद्रीला ‘वेस्टर्न घाट्स’ केले. उप्सालाचा प्राध्यापक आणि मावळातला शेतकरी यांच्या डोळ्यांना डोंगरात एकच गोष्ट दिसली होती.

भुसावळला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घेतलेल्या विंधणछिद्राने हे थर मोजायची संधी दिली. १२१७ फूट खोल गेलेल्या त्या छिद्रात भूशास्त्रज्ञ लुईस फर्मरने लाव्हाचे २९ वेगळे थर ओळखले. म्हणजे एक पायरी सरासरी चाळीस-बेचाळीस फुटांची. एवढे खोल जाऊनही ट्रॅपचा तळ लागला नव्हता.

दोन थरांच्या मध्ये कित्येकदा विटकरी रंगाच्या मातीची पातळ पट्टी असते. घाटातल्या रस्त्याच्या कापात ती दुरूनही ओळखू येते. इंग्रजीत तिला ‘रेड बोल’ म्हणतात. हा ‘बोल’ ग्रीक ‘बोलोस’ म्हणजे मातीचे ढेकूळ यावरून आला. औषधाच्या मोठ्या गोळीला डॉक्टर ‘बोलस’ म्हणतात तो याच घरातला. एक लाव्हा थंड होऊन पुढचा येईपर्यंत मधल्या काळात दगड कुजून जी माती झाली, तिलाच पुढच्या लाव्हाने भाजले, अशी तिची साधारण उकल आहे. सच्छिद्र भागातले बुडबुडे पुढे पांढऱ्या खनिजांनी भरले की दगड बदाम पेरल्यासारखा दिसतो आणि ग्रीक ‘अमिग्दाले’ म्हणजे बदाम यावरून त्याला ‘अमिग्डलॉइड’ नाव मिळते. त्या पांढऱ्या खनिजांचे नाव ‘झिओलाइट’. तेही स्वीडनमध्येच जन्मले. निकेल धातू शोधणाऱ्या आक्सेल क्रोनश्टेट याने १७५६ मध्ये असे एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरले, तेव्हा ते फेस येऊन उकळू लागले. ग्रीक ‘झेइन’ म्हणजे उकळणे आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड, उकळणारा दगड. खनिजाच्या पोकळ जाळीत अडकलेले पाणी वाफ होऊन निघून जात होते. पुणे, नाशिक, जळगावच्या दगडखाणींतले झिओलाइटचे झुपके आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि याच कुळातली कृत्रिम खनिजे कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायचे काम करतात.

एका शब्दापुढे उपसर्ग लागले की तो शास्त्रात रुळला असे समजावे. ट्रॅपचे तसे झाले. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तळ्यांत साठलेला गाळ तो ‘इंटरट्रॅपिअन’, आणि सगळ्या ट्रॅपच्या खाली दडलेला गाळ तो ‘इन्फ्राट्रॅपिअन’. पहिल्या प्रकाराची कीर्ती नागपूरने वाढवली. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी टाकळीच्या परिसरातून गोड्या पाण्यातले शंख, मासे, कीटक आणि वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले आणि १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लंडनला निबंध प्रसिद्ध केला. लाव्हाच्या दोन खेपांमध्ये इतका अवधी गेला होता की मधे तळी साठली, त्यांत गोगलगायी वाढल्या, काठावर झाडे उगवली. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून मेला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्या नावाचे. जुन्या पाठ्यपुस्तकांत डेक्कन ट्रॅपचे तीन भाग केलेले असत. नागपूरचा ट्रॅप खालच्या भागात, मुंबई-सौराष्ट्राचा वरच्या आणि माळव्याचा मधल्या भागात. मधल्या भागात इंटरट्रॅपिअन थर जवळजवळ नाहीत, असे त्यात नोंदलेले असे.

ट्रॅपच्या खालचे जग मात्र महूपासून फार दूर नाही. शेजारच्या धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, जिथे लाव्हाचे आवरण झिजून गेले आहे, तिथे डायनासोरची अंडी सापडतात. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या भागातल्या ९२ घरट्यांतल्या २५६ अंड्यांची नोंद झाली. ती टायटनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी प्राण्यांची.

महाराष्ट्रात ट्रॅपची खोली दोन भूकंपांनी मोजायला लावली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. नंतर तिथे घेतलेल्या विंधणछिद्रात बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर भरली. त्याखाली इन्फ्राट्रॅपिअन गाळाचा पातळ थर आणि मग प्राचीन ग्रॅनाइटी खडक. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झाला होता. तिथल्या वैज्ञानिक विंधणछिद्रात ग्रॅनाइट लागायला सुमारे ९३० मीटर खाली जावे लागले. सह्याद्रीच्या उंच भागात ट्रॅपची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. पूर्वेकडे ती पातळ होत जाते, हे या दोन आकड्यांतूनही दिसते.

आज या लाव्हाचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मानतात आणि त्याचे वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षे. हेच वय डायनासोरांच्या अंताचे. १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्रांनी अशनी आघाताचा सिद्धान्त मांडला. १९८६ मध्ये फ्रेंच भूशास्त्रज्ञ कुर्तियो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डेक्कन ट्रॅपचे उद्रेकही त्याच सीमेवर येतात असे दाखवले. तेव्हापासून अशनी की लाव्हा, की दोन्ही, हा वाद चालू आहे आणि ट्रॅप हा शब्द वृत्तपत्रांपर्यंत पोहोचला आहे. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी याहूनही भीषण प्राणिसंहार झाला. त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या लाव्हाप्रदेशाचे नाव ‘सायबेरियन ट्रॅप्स’. भारतातच राजमहाल ट्रॅप आहे, काश्मीरचा पंजाल ट्रॅप आहे. वेस्टरयोटलांडच्या डोंगरांवरून निघालेला शब्द जगातल्या सर्वांत मोठ्या लाव्हाप्रदेशांचा झाला.

शास्त्रज्ञ अलीकडे ‘डेक्कन व्होल्कॅनिक प्रोव्हिन्स’ असे काटेकोर नाव पसंत करतात, कारण या प्रदेशात बेसॉल्टखेरीज इतर खडकही आहेत. लाव्हाच्या पृष्ठभागाचे वर्णन करताना ते ‘पाहोएहोए’ आणि ‘आआ’ असे दोन हवाईयन शब्द वापरतात. गुळगुळीत, दोरखंडासारखा पिळलेला तो पहिला, खडबडीत तो दुसरा. पण खरा मोठा बदल थरांच्या नावांत झाला. १९८० च्या दशकात सह्याद्रीतल्या लाव्हाथरांची रासायनिक लक्षणे तपासून त्यांचे गट पाडले गेले आणि त्यांना गावांची, घाटांची नावे मिळाली : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. गटांच्याही वरच्या विभागांना कळसूबाई, लोणावळा आणि वाई. अमेरिकेतला किंवा जपानमधला भूशास्त्रज्ञ आज ‘आंबेनळी’ हा शब्द आपल्या निबंधात सहज लिहितो. प्रतापगडाजवळच्या त्या घाटाचे नाव आता एका रासायनिक स्वभावाचे नाव आहे. ट्रॅप हा शब्द डोंगराची बाहेरची ठेवण सांगत होता, ही नावे दगडाचे अंतरंग सांगतात. तरीही ती लिहिताना ‘डेक्कन ट्रॅप’ शीर्षकातून जात नाही.

माळव्याच्या थरांनाही अशीच नावे मिळाली आहेत. तळाशी नर्मदेकाठचे मंडलेश्वर, त्यावर कालीसिंध, मग वर वर येत इंदूर आणि सर्वांत माथ्यावर सिंगारचोरी. सिंगारचोरी हे महूजवळचे शिखर, ८८१ मीटर उंच. चंबळेचा उगम जिथे मानतात तो जानापाव डोंगरही याच रांगेत. महूहून मंडलेश्वरला जाणारा जुना रस्ता अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाजातून खाली उतरतो. विंध्याची कड ओलांडून तो नर्मदेकडे जातो, त्यामुळे एकाच वाटेवर माळव्याच्या लाव्हाचे वरपासून खालपर्यंतचे थर पायाखाली येतात. हातोडी आणि वही घेऊन तिथे गेलेला विद्यार्थी प्रत्येक कड्याला आणि त्याखालच्या विटकरी पट्टीला एकेक क्रमांक देत उतरतो.